कलम सात

आमच्या भागीदारी कराराचं सातवं कलम गुजरातीत आहे. मराठीत सांगायचं तर, ‘दोन्ही भागीदार परस्परसंमतीने वेळोवेळी ठरवतील तो पगार त्यांना फर्ममधून मिळेल.’ वाचायला किती सोज्वळ! सख्खे भाऊ, आपसात जे ठरेल ते ठरेल. या एका वाक्यापायी आम्ही व्याजासकट अडीच लाख रुपये आयकर भरला.

नाना, म्हणजे आमचे वडील, इथंच बडोद्यात पंपाच्या कारखान्यात टर्नर होते. 1998 साली त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून आम्ही मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, भाड्याची शेड घेतली. एक जुना लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि नानांची स्वतःची मायक्रोमीटरची पेटी, एवढंच भांडवल. शाफ्ट, बुश, पिना असली कामं. दादा मशीनवर, मी ऑर्डरी, वसुली आणि वह्या. करार करायला न्यायमंदिराबाहेरच्या टंकलेखकाकडं गेलो. त्याच्याकडं नमुना तयार होता. त्यात आमची नावं, दांडिया बाजारचा पत्ता आणि पन्नास-पन्नास टक्के भरले की झालं. त्या नमुन्यावर आमच्या आधी किती किराणावाले आणि कापडवाले भागीदार झाले असतील कोण जाणे. आम्ही सही केली ती न वाचताच. घरी आल्यावर आईनं कराराला हळदकुंकू लावलं. तो डाग अजून पहिल्या पानावर आहे.

पुढची चौदा-पंधरा वर्षं हिशेबाची आमची पद्धत अशी: बँकेतून निवृत्त झालेले एक काका रविवारी सकाळी येऊन वह्या लिहायचे. जुलैत मी बिलांची कापडी पिशवी घेऊन कर सल्लागाराकडं जायचो. ते विवरण भरायचे, मी फी द्यायचो, पुढल्या जुलैपर्यंत रामराम. काही विचारलं की ते म्हणायचे, ‘चालशे.’ कर नियोजन म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विम्याच्या एजंटला फोन. त्या घाईत घेतलेल्या दोन पॉलिसींचे हप्ते मी अजून भरतोय. त्या का घेतल्या, तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळत नाही.

त्या सल्लागारांना दोष देत नाही. आम्ही त्यांना विचारायचो तरी काय? ‘किती भरायचे?’ एवढंच. वर्ष संपल्यावर हा एकच प्रश्न उरतो.

जून 2013 मध्ये आयकर खात्याची नोटीस आली. 2011-12 चं विवरण तपासणीला निघालं होतं. ‘चालशे’वाल्यांनी पहिल्यांदाच वेगळं उत्तर दिलं, की हे माझ्या आवाक्यातलं नाही, एखादा सीए गाठा. गल्लीतल्या एकानं एका बेनचं नाव सुचवलं. स्वतःचं ऑफिस काढून त्यांना तेव्हा चारच वर्षं झाली होती. दादाला तेच खटकलं, पण वेळ नव्हता.

बेननी पिशवी उलटी केली, तासभर काही बोलल्या नाहीत. मग दादाकडं बघून पहिला प्रश्न केला, ‘मोटाभाई, भंगार क्यां जाय छे?’

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. त्यांनी कागदावर दोनच आकडे लिहिले होते. वर्षभरात घेतलेले लोखंडी बार 38 टन. चलनांवरून पाठवलेल्या मालाचं वजन 29 टन. ‘नऊ टन हवेत तर विरले नसतील?’ लेथवर काम म्हटलं की छिलका, म्हणजे कापलेल्या लोखंडाचा कीस, पडणारच. आमचा छिलका महिन्याला एक टेम्पोवाला नेत असे, रोख देत असे, आणि ते पैसे दादाच्या खणात जात. त्यातून चहा-फाफडा, गणपतीची वर्गणी, कामगारांची दिवाळी. आमच्या लेखी ती चोरी नव्हती, ‘वरचे पैसे’ होते. वीस रुपये किलोनं हिशेब केला तर एक लाख ऐंशी हजार होतात, हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. बेन म्हणाल्या, हे मला दहा मिनिटांत दिसलं, आयकरवाल्यांनाही दिसेल. शिवाय दिवाळीचा बोनस आणि चहा हा धंद्याचाच खर्च आहे; उत्पन्न वहीत आणा, खर्चही वहीत आणा, फरक तुम्हाला वाटतो तेवढा पडणार नाही. झालंही तसंच. तेव्हापासून भंगाराची पावती फाटते आणि पैसे बँकेत येतात. दादाचा खण मात्र रिकामा झाला, त्याचं दुःख त्याला बरेच दिवस होतं.

मग त्यांनी करार मागितला. हळदकुंकवाचा डाग बघून हसल्या, पानं उलटत सातव्या कलमावर आल्या आणि पेन्सिलनं समासात एक उभी रेघ ओढली.

इथं जरा हिशेब समजून घ्यावा लागेल. भागीदारी फर्मला स्लॅब, म्हणजे उत्पन्नाप्रमाणं चढत जाणारे कराचे टप्पे, नसतात. एकट्या माणसाला पहिल्या काही लाखांवर सूट मिळते. फर्मला पहिल्या रुपयापासून 30 टक्के, वर उपकर. म्हणून नफ्यातला काही भाग भागीदारांना पगार म्हणून द्यायचा. फर्मच्या नफ्यातून तो वजा होतो आणि भागीदाराच्या हातात त्याच्या स्लॅबप्रमाणं कर लागतो. कायद्यानं याला मर्यादा घातली होती. त्या वेळी पहिल्या तीन लाखांच्या नफ्यावर 90 टक्के आणि उरलेल्यावर 60 टक्के. आमचा नफा नऊ लाख, म्हणजे सहा लाख तीस हजारांपर्यंत पगार चालला असता. आम्ही तीन-तीन असा सहाच घेतला होता. मर्यादेच्या आत.

पण आयकर कायद्यातल्या कलम 40(b) ची आणखी एक अट होती. पगार कराराप्रमाणं हवा. आणि नुसतं ‘परस्परसंमतीने’ लिहून भागत नाही. रक्कम तरी लिहा, नाहीतर ती काढायची रीत तरी लिहा, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक क्रमांक 739 सांगतं. ते मार्च 1996 चं. म्हणजे तो नियम आमच्या फर्मपेक्षा दोन वर्षांनी मोठा! टंकलेखकाचा नमुना त्याहून जुना असणार.

बेननी बाजू मांडली, पण आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की फार आशा धरू नका. फेब्रुवारी 2015 मध्ये आदेश आला. सहा लाख नामंजूर. त्यावर 30.9 टक्क्यांनी 1,85,400 रुपये कर आणि पस्तीस महिन्यांचं व्याज 64,890 रुपये. त्या संध्याकाळी घरी कोणी फार बोललं नाही. नानांनी एवढंच विचारलं, ‘सही करताना वाचलं नव्हतं का?’ आणि लगेच स्वतःच म्हणाले, ‘मीही नव्हतं वाचलं.’

दरम्यान बेननी 2013 मध्येच नवा करार करून घेतला होता. बदल मागच्या तारखेला लागू होत नाही, म्हणून 2012-13 चा पगार वजा न धरताच विवरण भरलं. तो भुर्दंड वेगळा. नवीन सातवं कलम असं: पगार आयकर कायद्यात वेळोवेळी असलेल्या कमाल मर्यादेइतका, दोघांत सारखा. शिवाय भांडवलावर 12 टक्के व्याज, तेही कायद्यात बसेल तितकंच. ‘वेळोवेळी’ हा शब्द जुन्या कलमातही होता, पण तिथं तो आमच्या मर्जीला जोडलेला होता, इथं कायद्याला.

बेनची फी आधीच्या तिप्पट होती. दादा कुरकुरला. मी म्हटलं, अडीच लाखांत अशा किती फी बसतात ते काढ. तो गप्प बसला, पण त्यानं काढलं असणार.

त्यांची एक अट होती. जुलैत पिशवी आणायची नाही. आगाऊ कराच्या प्रत्येक तारखेच्या आठवडाभर आधी दोघांनी येऊन बसायचं. 2016-17 पासून आमच्यासाठी या तारखा चार: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च. वर्षाच्या अंदाजी कराच्या 15, 45, 75 आणि 100 टक्के या क्रमानं भरणा. अर्ध्या तासाचं काम. पण मोठी खरेदी, नवीन कर्ज, कोणाला उसने, घरातलं लग्न, सगळं तिथं बोलायचं. आम्हाला आधी ते चौकशी आयोगासारखं वाटायचं.

त्याचा उपयोग कळला 2018 मध्ये. अठरा लाखांचं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन सांगून ठेवलं होतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला येणार होतं. दादानं ठरवलं, दसऱ्याला चालू करायचं. त्या वर्षी दसरा 18 ऑक्टोबरला. बेननी कॅलेंडर पुढं ओढलं. घसारा म्हणजे मशीनच्या झिजेपोटी नफ्यातून वजा होणारी रक्कम. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या नव्या मशीनवर तो निम्माच मिळतो. नवीन मशीनला 15 टक्के नेहमीचा आणि कारखान्याला 20 टक्के जादा, मिळून 35, म्हणजे सहा लाख तीस हजार. दसऱ्याला चालू केलं तर मार्चअखेर भरतात 165 दिवस. मग तीन लाख पंधरा हजारच. ‘3 ऑक्टोबरपर्यंत चालू करा.’

दादा म्हणाला, ‘अहो, गणपती उठले की पितृपक्ष लागतो. पितृपक्षात कोणी नवीन मशीन चालू करतं का?’

बेनना पितृपक्ष चांगला ठाऊक होता, त्यांच्याकडंही श्राद्ध असतं. त्या म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा, कायद्यात पितृपक्ष नाही. घरी दोन दिवस यावर खल झाला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘गणपती घरात बसलेत. त्याहून मोठा मुहूर्त कोणता पाहिजे तुम्हाला?’ मग धावपळ. पाया ओला होता, केबल आली नव्हती, इलेक्ट्रिशियन विसर्जनाच्या मंडळात अडकलेला. 20 सप्टेंबरला रात्री नऊ वाजता पहिला बुश निघाला. दादानं मायक्रोमीटर लावला, दोनदा लावला, मग तो बुश नानांच्या हातात दिला. नुसतं चालवून भागत नाही, वापराचा पुरावा लागतो, म्हणून त्या लॉटचं चलन आणि बिल त्याच आठवड्यात काढलं.

त्या वर्षी बराच कर कमी भरला. मी गल्लीत ‘वाचवले’ म्हणून सांगत फिरलो. बेननी कान धरला: ‘वाचले नाहीत, पुढं गेले. आज जास्त घसारा घेतलात, तेवढा पुढच्या वर्षांत कमी मिळणार. पण मशीनचे हप्ते आज आहेत ना?’ आम्हाला तेव्हा तेवढंच हवं होतं.

चहाच्या टपरीवरचे सल्ले हा जीआयडीसीतला वेगळाच उद्योग आहे. ‘आठ टक्के दाखवायचे आणि सुटायचं, वह्याच कशाला?’ हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय. म्हणजे उलाढालीच्या आठ टक्के हाच नफा धरायचा आणि त्यावर कर भरायचा. रक्कम बँकेतून आली तर सहाच टक्के. ती योजना खोटी नाही. वहिनींच्या फराळाच्या धंद्याला बेननी स्वतःच ती लावून दिली. पण फर्मला त्या अंदाजी नफ्यातून भागीदारांचा पगार आता वजा करता येत नाही; 2016-17 पासून ती सवलत गेली. दीड कोटीच्या उलाढालीवर सहा टक्के म्हणजे नऊ लाख, त्यावर सरळ 30 टक्के आणि उपकर. वह्या ठेवून, पगार आणि व्याज वजा करून भरला तर कर त्याच्या निम्म्याहून कमी येत होता. शिवाय एकदा त्या योजनेत जाऊन बाहेर पडलं की पाच वर्षं परत शिरता येत नाही. टपरीवर हे कोणी सांगत नाही.

मार्च 2024 मध्ये मात्र मजा आली. नव्वद-नव्वद दिवस पैसे न देणारे ग्राहक स्वतः फोन करू लागले, ‘तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा.’ उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. सूक्ष्म आणि लघु कारखान्याचं देणं पंधरा दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर पंचेचाळीस दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, असा नियम त्या वर्षापासून लागला. एका बड्या ग्राहकानं उलट सुचवलं की उद्यम नोंदणी रद्द करा, म्हणजे तुमची ऑर्डर चालू राहील. आम्ही नाही केली. ऑर्डर काही महिने आटली, मग आली. पण खुशीत असतानाच बेननी आमच्याच वहीतलं पान काढलं: प्लेटिंगवाल्याचं बिल साठ दिवस थकलेलं. तोही उद्यमवालाच. दुपारीच आरटीजीएस केलं. 

गेल्या वर्षी आणखी एक भर पडली. एप्रिल 2025 पासून भागीदाराला वर्षात वीस हजारांपेक्षा जास्त पगार-व्याज दिलं की फर्मनं दहा टक्के टीडीएस कापायचा. म्हणजे मी माझ्याच पगारातून कापतो, माझ्याच सहीनं भरतो आणि माझ्याच विवरणात परत मागतो. दादाला हे समजावून सांगायला मला तीन चहा लागले. त्याच्या आदल्या वर्षी चांगली बातमी होती: 90 टक्क्यांची पायरी तीन लाखांवरून सहा लाखांवर गेली. नऊ लाखांवर आता सात लाख वीस हजार पगार चालतो. करारात ‘वेळोवेळी’ कायद्याला बांधलेलं असल्यानं एक अक्षर न बदलता ते आम्हाला मिळालं.

आता पुतण्या फर्ममध्ये येतोय, म्हणून करार पुन्हा लिहायचा आहे. शिवाय 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा आला; कलमांचे आकडे बहुतेक बदलले. ज्या 40(b) चं नाव काढलं की दादाच्या पोटात गोळा यायचा, तो आकडाच गेला. बेननी मसुदा पाठवलाय. रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं ओट्यावर बसलो. पुतण्या मोबाइलवर वाचत होता, दादानं छापील प्रत मागितली. चष्मा लावून, ओठ हलवत, एकेका कलमावर बोट ठेवून तो तासभर वाचत बसला. सातव्यावर आला तेव्हा त्यानं कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, ‘तिघांत सारखा, असं लिहिलंय. हा पोरगा अजून लेथवर उभा राहिलेला नाही. सारखा कसा?’

पुतण्यानं मोबाइल खाली ठेवला. मी बेनना फोन लावला.