खुराड्याची कडी

वाळपई, मंगळवार रात्र

आजही सहा वाजता मूठभर तांदूळ घेऊन मागच्या दारी गेले. "या या या" म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं.

शनिवारी रात्री मुसळधार पाऊस, वीज गेलेली. खुराड्याचं दार मी ओढलं होतं, पण कडी घातली का, ते आठवत नाही. कितीही आठवलं तरी नाही. सकाळी दार उघडं, तांबडी आणि काळी, दोन्ही कोंबड्या अंगणात पडलेल्या. मानेवर चावा, बाकी अंग तसंच. शेजारचे काका म्हणाले, "उदमांजर असणार. अजगर असता तर गिळून गेला असता." आमच्या सत्तरी तालुक्यात रान घराच्या पाठीलाच आहे. रात्री काहीतरी येणार हे ठाऊकच असतं, म्हणून तर कडी.

कबरी मात्र जागची हलली नव्हती. खुडूक होती ती. नऊ अंड्यांवर एकोणीस दिवस झालेले, पिल्लं एकविसाव्या दिवशी येतात. दिवसातून एकदा उठायची, घाईघाईनं चार दाणे टिपायची आणि परत जाऊन बसायची. पंख पसरलेलेच होते. मी पोटाखाली हात घातला. उबवताना कोंबडीची तिथली पिसं झडतात, उघडी कातडी अंड्यांना लागते. ती कातडी गार होती. अंडीही गार. एकेक अंडं कानाला लावून पाहिलं.

ह्यांनी फणसाखाली खोल खड्डा काढला. अंड्यांसकट पुरलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चिरा ठेवला.

नणंदेचा फोन आला. "अगो, कोंबड्याच त्या. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून दुसऱ्या आण." तिला वाईट म्हणत नाही. आमच्या घरीही कोंबडीची शागोती आणि वडे होतात. पण कबरी दुपारी माझ्या मांडीवर येऊन डोळे मिटायची. तिची शागोती होणार नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

कोंबडा वाचला, तो फणसावर झोपतो. संध्याकाळी हातातले तांदूळ त्याच्यापुढे टाकले. त्यानं एक दाणा चोचीत धरला, खाली ठेवला, टुक टुक करत राहिला. दाणा दिसला की कोंबड्यांना तो असाच बोलवायचा. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. खाल्ला नाही. मला तिथे उभं राहवेना.

अंधार पडल्यावर ह्यांनी त्याला फणसावरून उतरवून खुराड्यात ठेवलं. कडी मी घातली. तेव्हापासून बॅटरी घेऊन दोनदा पाहून आले. कडी घट्ट बसते. सैल नव्हतीच.