तुम्ही विचारलंत म्हणून: फिरायला जाऊन संग्रहालयं कशाला बघायची?

"एवढ्या लांब जायचं आणि चार भिंतींत दगड बघत बसायचं?" हे मला नातेवाईक विचारतात, सहलीतले सोबती विचारतात, रेल्वेत शेजारी बसलेले अनोळखी लोकही विचारतात. पाठोपाठ येतं, "तुम्ही चित्रकार आहात का?" नाही. कलेचं शिक्षण नाही, इतिहासाची पदवी नाही. आजवर मी "आवड आहे" एवढंच सांगून सुटत आले. पण त्यावर "मग फोटो मिळतात की घरबसल्या" असं म्हणून लोक विषय संपवतात आणि मला मात्र काहीच न बोलल्यासारखं वाटत राहतं. म्हणून एकदा नीट सांगते.

मी देश बघायलाच जाते. तुम्ही जाता तेवढ्यासाठीच. पण या देशातल्या कितीतरी जागा अर्ध्या आहेत, आणि त्यांचा दुसरा अर्धा भाग भलत्याच शहरात, एखाद्या दालनात ठेवलेला आहे.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुत आहे. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातला स्तूप. आज तिथे गेलात तर स्तूप म्हणून बघण्यासारखं जवळजवळ काही नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ मध्ये तिथे पोचला तोवर आसपासच्या लोकांनी बरेच दगड घरं बांधायला नेले होते. उरलेलं कुंपण आणि पूर्वेचं तोरण त्यानं कोलकात्याला हलवलं. इंडियन म्युझियममध्ये ते उभं आहे, लालसर दगडाचं, माणसापेक्षा कितीतरी उंच. त्यावर जातकांची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची, चित्रं कोरली आहेत आणि बऱ्याच चित्रांवर ब्राह्मी अक्षरांत नावंही. अनाथपिंडक या सावकारानं जमीन नाण्यांनी झाकून बुद्धासाठी जेतवन ही बाग विकत घेतली, तो प्रसंग एका वर्तुळात आहे. बैलगाडीतून नाणी उतरवली आहेत आणि माणसं ती चौकोनी नाणी जमिनीवर एकाला एक लावून पसरताहेत. आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं! विदिशेच्या रेवतीमित्राची बायको चापदेवा. नाशिकची गोरक्षिता, वसुकाची बायको. नाशिकच्या एका बाईनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इतक्या दूर एक खांब उभा करायला पैसे दिले, हे मला कोणत्या समुद्रकिनाऱ्यावर कळलं असतं?

अमरावतीचंही तसंच. स्तूप आंध्रात कृष्णेच्या काठी, आणि त्याचे कोरीव दगड चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात. मोठा वाटा तर लंडनला गेला. सारनाथला मात्र अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष उत्खननाच्या जागेशेजारीच ठेवलं आहे. १९१० मध्ये तिथेच संग्रहालय बांधलं म्हणून ते शक्य झालं. अवशेषांतून चालत पाच मिनिटांत तिथे जाता येतं. तो अनुभव वेगळाच, पण तो फार थोड्या ठिकाणी मिळतो.

फोटोंबद्दल एवढंच सांगते की मोहेंजोदारोची नर्तिका साडेदहा सेंटिमीटरची आहे. पुस्तकांतून ती पूर्ण पान व्यापते. दिल्लीत तिच्यासमोर उभं राहिल्यावर ती तळहातावर मावेल एवढी आहे हे दिसतं आणि तिच्याविषयी वाचलेलं सगळं परत पहिल्यापासून वाचावंसं वाटतं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही. सगळं मला भिडतं असं नाही. हैदराबादच्या सालारजंगमध्ये काही दालनांतून मी नुसती चालत गेले, इतक्या देशांच्या इतक्या वस्तू एकापाठोपाठ एक की डोळे थकून गेले. कितीतरी लघुचित्रांपुढे उभं राहून मला काहीही वाटलेलं नाही. आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांची पंचाईत होते हेही खरं. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद, सारनाथचं शुक्रवारी, त्यामुळे सगळ्या सहलीचे वार माझ्या हिशेबानं फिरतात. लोकांना राग येतो तो याचा. समजू शकते.

पण चंडीगडचं जे झालं ते नुसतं वेळापत्रकाचं नव्हतं. घरातले अजूनही विचारतात, तेव्हा तू बाहेर का आली नाहीस? तेही आज सांगून टाकते.

मी, दादा आणि वहिनी निघालो होतो शिमल्याला. चंडीगडला अर्धा दिवस मी मागून घेतला होता, तिथल्या संग्रहालयातल्या गांधार शिल्पांसाठी, म्हणजे पेशावरच्या बाजूच्या प्राचीन बौद्ध शिल्पांसाठी. ही शिल्पं मुळात लाहोरच्या संग्रहालयातली. फाळणीनंतर एप्रिल १९४८ मध्ये त्या संग्रहाची वाटणी झाली, साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस भारताला. आपल्या वाट्याचं काही काळ इकडेतिकडे फिरलं आणि शेवटी ल कॉर्बुझिएनं बांधलेल्या या इमारतीत १९६८ मध्ये स्थिरावलं. करड्या दगडातले बुद्ध आणि बोधिसत्त्व, अंगावर दाट चुण्यांची वस्त्रं, काहींना चक्क मिशा. उपाशी बुद्धाची ती प्रसिद्ध मूर्ती, जिच्या फासळ्या मोजता येतात, ती लाहोरलाच राहिली. मी दादाला हे सगळं सांगत होते. मला वाटत होतं तो ऐकतोय.

तो एकदम म्हणाला, "म्हणजे इथेही तू वाटणीच बघायला आणलंस."

आई गेल्यावर आम्ही तिचा फोटोंचा अल्बम वाटून घेतला होता. दादाचं म्हणणं होतं की तो आहे तसा एकाकडे राहू दे, कुणाकडेही. मी अडून बसले. मला माझे हवे होते. आम्ही पानांवरून फोटो सोडवले, काहींचे कोपरे फाटले, आणि दोन लिफाफे झाले. दादानं तेव्हा एक शब्द काढला नव्हता. तो त्यानं त्या बोधिसत्त्वांसमोर काढला, तोही हळू आवाजात, कारण पलीकडे शाळेची मुलं रांगेनं चालली होती.

"तुला वस्तू कळतात," तो म्हणाला, "वस्तू एकत्र का असतात ते कळत नाही. अल्बमचं काय झालं बघ. तुझ्याकडे आई आहे आणि माझ्याकडे ती ज्याच्याकडे बघून हसतेय ते बाबा आहेत."

मी म्हणाले, "तुझ्याकडे राहिला असता तर माळ्यावर सडला असता." वहिनी म्हणाली, "अहो, चला." दादा रॅम्पवरून खाली उतरला आणि बाहेर जाऊन बसला. ती त्याच्यामागे गेली.

मी गेले नाही. तासभर आणखी थांबले आणि उरलेली शिल्पं बघितली, मग पहाडी चित्रंही बघितली. लोकांना हे निर्दयपणाचं वाटतं. मला त्या क्षणी बाहेर जाऊन भांडण वाढवायचं नव्हतं, हे एक. आणि दुसरं, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही: मला खरंच ते बघायचं होतं. डोळ्यांत पाणी होतं आणि तरी बघायचं होतं. त्या तासाभरात मी जितकं नीट बघितलं तितकं पुन्हा कधी बघितलेलं नाही. एका पट्टिकेत माणसांची रांग होती आणि पट्टिका मध्येच तुटलेली. तुटल्या कडेवरचा माणूस मान वळवून कुणाकडे तरी बघत होता, आणि ज्याच्याकडे बघत होता तो तिथे नव्हता. लाहोरला असेल, नाहीतर पेशावरच्या मातीत असेल.

संध्याकाळी ते दोघं शिमल्याला गेले. मी दिल्लीची गाडी धरली. त्यानंतर आम्ही एकत्र प्रवास केलेला नाही.

आधीची मी या सगळ्यावर ठामपणे बोलत असे. संग्रहालयात आलं म्हणून वाचलं, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. कनिंगहॅमचंही तेच म्हणणं होतं. भरहुतचे दगड हलवण्यावर त्याच्या काळातही टीका झाली, तेव्हा नष्ट होण्यापेक्षा हललेलं बरं असं त्यानं उत्तर दिलं. मला ते आजही पटतं. कोलकात्याला गेले नसते तर ते खांब कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीत असते आणि गोरक्षितेचं नाव कुणी वाचलं नसतं.

पण मग मोहेंजोदारोचा तो हार आठवतो. जेड, सोनं, अकीक अशा मण्यांचा एकच लांब हार. फाळणीत त्याचे मणी वेगळे करून निम्मे पाकिस्तानला दिले, निम्मे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आले. दोन्हीकडे उत्तम सांभाळलेत. सांभाळण्यात काहीच उणं नाही, आणि हार मात्र नाही. इथे माझं जुनं वाक्य मला अपुरं पडतं. दादाला हे कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर अल्बमच्या बाबतीत तो बरोबर होता असं होईल, आणि तसं मला अजूनही वाटत नाही. माझ्या लिफाफ्यातले फोटो मी रोज बघते. त्याचा लिफाफा कुठे आहे हे त्याला तरी माहीत आहे का, कोण जाणे.

तर संग्रहालयं का, याचं माझं उत्तर हे असं आहे. देश विखुरलेला आहे आणि मला त्याचे तुकडे मनातल्या मनात शेजारी ठेवून बघायचे असतात. त्यानं काही जोडलं जातं का, हे मला सांगता येत नाही. जोडलं जात नसेल तरी मी जाणार.

भरहुतचे काही दगड प्रयागराजच्या संग्रहालयात आहेत. ते बघायचे राहिलेत. या हिवाळ्यात जायचं आहे आणि दादाला विचारलंय, येतोस का म्हणून. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. वहिनीनं फक्त विचारलं, तिथलं कोणत्या वारी बंद असतं.