उजवीकडे झुकलेली सफारी

डॉक्टरांच्या मुलानं सगळं आधीच ठरवून आणलं होतं. पुढून गाडी दोन इंच उचलायची, मागे कॉइल स्प्रिंगवर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे, बसवायचे आणि टायर एक साइज मोठे घालायचे. मोबाइलमध्ये त्यानं तशाच सजवलेल्या गाड्यांचे फोटो साठवले होते. गाडी जमिनीला अगदी समांतर उभी दिसली पाहिजे, एवढं एकच त्याचं मागणं. डॉक्टर मात्र गप्प उभे होते. शेवटी म्हणाले, "मेस्त्री, दिसण्याचं तुम्ही दोघं बघा. मला ही गाडी घाटात एका अंगावर चालल्यासारखी वाटती. ब्रेक दाबला की उजवीकडं ओढती."

गाडी 2008 ची टाटा सफारी, 2.2 डायकोर डिझेल इंजिन, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी. मालक जनावरांचे डॉक्टर. राधानगरी, दाजीपूर भागातले धनगरवाडे हे त्यांचं कामाचं क्षेत्र. मागच्या भागात औषधांच्या पेट्या, पाण्याचे कॅन, प्रसूतीची अवजारं आणि कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर. तो आतून उणे 196 अंशांवर असतो आणि सरळच उभा राहावा लागतो. आडवा झाला तर नायट्रोजन सांडतो, आणि कांड्या उघड्या पडल्या की वाया जातात. गाडी एका बाजूला झुकते याचा त्यांच्या लेखी अर्थ हा होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सस्पेन्शनचंच काम करतो म्हणून माझ्याकडे जुन्या सफारी बऱ्याच येतात, आणि या गाडीवर माझा जीव आहे. 1998 साली पुण्यात तयार होऊन बाहेर पडलेली ही गाडी अजूनही गावोगाव राबताना दिसते. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वरखाली दोन आर्म, आणि टॉर्शन बार, मागे सलग ॲक्सल, पाच रॉड आणि कॉइल. टॉर्शन बार म्हणजे चासीला समांतर बसवलेली पोलादी सळई. चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. तिच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडी पुढून वर येते, सैल केला की खाली बसते. पाना लागतो आणि पाच मिनिटं लागतात. एवढं सोपं असल्यामुळेच या बोल्टला नको तेवढे हात लागतात.

पुढून उचलण्याआधी मला गाडी मोजायची होती. आमच्या शेडची फरशी एका कोपऱ्याकडे किंचित उतरती आहे, म्हणून गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी लावून चारही चाकांखालची पातळी आधी जुळवली, पातळ पत्र्याचे तुकडे घालून. हवा चारही टायरमध्ये सारखी केली. गाडी दोन-तीनदा पुढेमागे ढकलून स्प्रिंगांना आपापल्या जागी बसू दिलं. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं. जमिनीपासून मोजलं तर झिजलेला टायर फसवतो, चाकाच्या मध्यापासून मोजलं तर फक्त स्प्रिंग बोलते. गाडी उजवीकडे झुकलेली होती, पण जेमतेम सेंटीमीटरभर. मुलगा म्हणाला, "एवढंच? उजवा बोल्ट थोडा आवळला की झालं."

उजवा बोल्ट आधीच कुणीतरी आवळलेला होता. डाव्या बोल्टचे आटे जेवढे बाहेर दिसत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट उजव्याचे दिसत होते. त्या बाजूच्या, चाकाला ताकद नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट घड्यांमध्ये फाटून ग्रीस रिमच्या आतल्या अंगाला उडालेलं होतं. शाफ्टचा कोन वाढला की असं होतं.

मग मी माझ्या वडिलांनी शिकवलेली परीक्षा केली. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावले आणि पुढच्या क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीच्या, बरोबर मध्यावर, लाकडी ठोकळा घालून, एकच जॅक लावला. पुढची चाकं अधांतरी होईपर्यंत उचललं. आता गाडीचा पुढचा भाग एका बिंदूवर तोललेला असतो, त्यामुळे ती कुठे झुकायचं ते फक्त मागच्या स्प्रिंगा ठरवतात. गाडी उजवीकडे चांगली दोन सेंटीमीटरच्या वर कलली. जॅक काढून तो मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, डिफरन्शियलखाली, नेला, मागची चाकं उचलली. आता पुढच्या टॉर्शन बारांच्या मनासारखं झालं, आणि गाडी डावीकडे कलली.

मुलगा दोनदा वाकून बघून आला. एकाच गाडीत दोन दोष एकमेकांशी भांडत होते आणि बाहेर दिसत होता तो फक्त त्यांचा सेंटीमीटरभराचा हिशेब. मागून उजवी बाजू बसली होती. कुणीतरी ती पुढून उजवा बार पिळून सावरली होती. अशा गाडीचं वजन चारही चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक जास्त भार घेतात, बाकीची दोन हलकी पडतात. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की पुढचं हलकं डावं चाक आधी घसरतं आणि गाडी उजवीकडे ओढते. डॉक्टरांना घाटात जाणवत होतं ते हेच.

मागची उजवी कॉइल उतरवली तेव्हा कारण हातात आलं. खालचा शेवटचा वेढा तुटून बशीत पडला होता. वर जांभ्याच्या लाल मातीचा थर इतका घट्ट बसला होता की खाली वाकून बॅटरी मारूनही तो तुकडा दिसला नसता. हा दोष जुन्या गाड्यांत नेहमी सापडतो. बशीत चिखल साचतो, रंग निघतो, तारेला गंजाचा खड्डा पडतो आणि तिथूनच चीर जाते. स्प्रिंग एका वेढ्यानं आखूड होते, पण गाडी चालत राहते, म्हणून कुणाला शंका येत नाही.

आता प्रश्न बदलला होता. किती उचलायची हे बाजूला राहिलं आणि कुठल्या वजनाला समतल करायची हे ठरवावं लागणार होतं. शेजारच्या बांधकामावरून सिमेंटची 50 किलोची तीन पोती आणून औषधांच्या पेट्यांच्या जागी ठेवली. मागचा भाग अडीच सेंटीमीटर बसला. डॉक्टरांचं नेहमीचं सामान यापेक्षा जास्तच भरतं. शोरूममधून निघालेली कॉइल सात माणसांचा विचार करून दिलेली असते, पण ती माणसं कधीतरी बसतात. इथे ओझं बारा महिने तेरा काळ उतरतच नाही.

मुलाचा स्पेसर इथे बाद झाला. स्पेसरनं उंची मिळते, ताकद मिळत नाही. दमलेली स्प्रिंग दमलेलीच राहते, फक्त उंचावर बसते. कॉइलच्या आत घालायचे हवेचे फुगे हा दुसरा मार्ग. ज्याचं वजन आज आहे आणि उद्या नाही, त्याला मी तेच सुचवतो, कारण हवा कमीजास्त करता येते. पण तो दाब वरचेवर तपासावा लागतो, आणि वाड्यावर रात्री एका फुग्यातली हवा गेली तर गाडी पुन्हा एका अंगावर. मी जाड तारेची कॉइल निवडली. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घातानं होतो. जाडी शेकडा पाच वाढवली की ताठरपणा सुमारे 21 टक्के वाढतो. म्हणून डोळ्यांना फरक न दिसणारी कॉइलही वागायला वेगळीच असते. टॉर्शन बारालाही हाच नियम लागू आहे. 25 मिलिमीटरच्या जागी 27 चा बार घातला तर तो 36 टक्के ताठर होतो. उलट बोल्ट आवळून बार ताठर होत नाही. आवळलेली गाडी कडक लागते कारण खालचा आर्म आपल्या शेवटच्या मर्यादेला जाऊन टेकलेला असतो.

हे मुलाला सांगून पटेना, म्हणून दाखवलं. गाडी आली तशा आवळलेल्या स्थितीत चासी हळूहळू उचलली. दीड सेंटीमीटरही वर गेली नसेल तोच उजवं चाक जमीन सोडून लटकलं. खड्ड्यात चाकाला खाली जायला जागाच नव्हती. फोर बाय फोरचा सगळा उपयोग चाक जमिनीला धरून असेल तरच. मुलगा स्वतः जॅकचा दांडा हातात घेऊन पुन्हा एकदा तेच करून बघत होता. नंतर त्यानं दोन इंचांचं नाव काढलं नाही.

माझ्या मनात कायद्याची बाजूही होती. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ बनावटीत फरक करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते कडकपणे उचलून धरलं. या गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंग 2023 ला झालंय, ते पाच वर्षांचं. मूळ उंचीवर ठेवलेली गाडी 2028 ला बिनघोर तपासणीला नेता येईल.

जाड तारेच्या कॉइलची जोडी माझ्याकडे तयार होती, तिला जुळणारे शॉकॲब्सॉर्बरही. स्प्रिंग ताठ केली आणि शॉक जुनेच ठेवले तर गाडी खड्ड्यातून आली की मागून उसळत राहते. मागच्या पाच रॉडांच्या टोकांना दहा रबरी बुश असतात, त्यातले फाटलेले बदलले. हे बोल्ट गाडी जमिनीवर पूर्ण वजनानं उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लटकत्या ॲक्सलवर आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि थोड्याच दिवसांत फाटतं. ही एक गोष्ट नवीन पोरांना मी घसा फोडून सांगतो. फाटलेला बूट बदलला. मग पुढचा उजवा बार, आधी जॅकनं भार काढून, सैल केला, डावा किंचित आवळला. पोती आत असताना मागचा भाग पुढच्या पातळीला आला आणि दोन्ही बाजूंतला फरक तीन मिलिमीटरच्या आत. रिकामी असताना मागून बोटभर उंच.

मुलगा म्हणाला, "रिकामी अशीच दिसणार?" मी म्हटलं, "तुझे वडील रिकामी गाडी कधी चालवतात?"

चार वाजायच्या सुमारास डॉक्टरांचा फोन वाजला. राधानगरीच्या पुढच्या एका वाड्यावर म्हैस अडली होती, रेडकाची मान मागे वळलेली. अलाइनमेंट व्हायची होती. सुतळीनं मोजून टाय रॉडवर टो, म्हणजे पुढच्या चाकांचं आत-बाहेर वळलेलं तोंड, जुळवला, चाकांचे नट पुन्हा तपासले आणि पुढची चाचणी तशीही मला घ्यायचीच होती म्हणून मी गाडीत बसलो. निघण्याआधी मागच्या दोन्ही जम्प रबरांच्या टोकांना ओला चुना लावला. ॲक्सल वर येऊन आदळला तर चुना उमटतो.

डांबरी सुटल्यावर शेवटचा रस्ता जांभ्याचा, पाण्यानं चरे पडलेला. डॉक्टर गाडी त्याच वेगानं घालत होते ज्या वेगानं ते रोज घालतात. एका आडव्या चरात पुढचं उजवं चाक खाली गेलं आणि जमीन न सोडता वर आलं. उतारावर त्यांनी मुद्दाम जोरात ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. त्यांनी काही न बोलता स्टिअरिंगवरचे दोन्ही हात थोडे उचलून मला दाखवले. मागे कंटेनर पट्ट्यांत जागच्या जागी होता.

वाड्यावर दीड तास गेला. बॅटरी धरायला मुलगा होता, दोरी ओढायला मी आणि वाड्यावरचे दोघं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून रेडकाची मान सरळ केली. रेडी झाली, जिवंत. म्हशीच्या मालकिणीनं आम्हाला चहा दिला, आणि मुलगा तो पीत बसण्याऐवजी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. डावा चुना कोरा. उजव्यावर पुसटसा ठसा. तो एका चराचा, आणि एवढं व्हायलाच हवं. स्प्रिंग जर कधीच शेवटपर्यंत जात नसेल तर ती गरजेपेक्षा ताठ आहे.

काही दिवसांनी गाडी परत मागवली. नव्या कॉइल पाच-सहा मिलिमीटर बसल्या होत्या, तेवढं धरूनच मी उंची ठेवली होती. मशिनवर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आणि टो पाहिला, हेडलाइट वर केले. मागून बसलेल्या गाडीवर ते आधी कुणीतरी जुळवलेले होते. चारही चाकांची मापं, रिकामी आणि भरलेली, मुलानं वहीत लिहून घेतली.

टायरचा विषय त्यानं तेवढा पुन्हा काढला. मी हिशेब मांडून दिला. आत्ताच्या 235/70 आर 16 टायरचा व्यास सुमारे 735 मिलिमीटर, मोठ्या 245/75 चा 774. गाडी फक्त 19 मिलिमीटर उंच होणार. मीटर प्रत्यक्षापेक्षा पाच टक्के कमी वेग दाखवणार, इंजिनाला चढावर तेवढंच जड जाणार आणि चाक पूर्ण वळल्यावर मडगार्डच्या आत घासण्याचा संभव. त्यानं 235/70 चेच, पण ऑल-टेरेन नक्षीचे चार टायर मागवले.