बारा पॉइंट आणि एक राउटर

घरांमध्ये वायर्ड नेटवर्क बसवणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या महिन्यातले एक काम पूर्ण झाले, ग्राहकाची तक्रारही उरली नाही, तरी मी अजून त्याचाच विचार करतो आहे.

घरात बारा पॉइंट, म्हणजे भिंतीतल्या नेटवर्कच्या जोडणीच्या जागा, होत्या. बांधकामाच्या वेळीच भिंतीतल्या पाइपांतून कॅट ६ दर्जाची नेटवर्क केबल ओढलेली होती आणि सगळ्या केबल एका कपाटात येत होत्या. घरमालकीण बाई व्हिडिओ संकलनाचे काम घरूनच करतात, त्यामुळे मोठ्या फायली वायफायवर सोडणे त्यांना परवडणारे नव्हते. इंटरनेटची जोडणी सेकंदाला ५०० मेगाबिटची होती. राउटर कोणता घ्यावा हे त्यांनी मला फोनवर विचारले, तेव्हा मी एवढेच पाहिले की त्याचे सगळे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० मेगाबिटचे, आहेत, आणि घ्या म्हणून सांगितले.

हा निकष मी उगाच धरलेला नव्हता. राउटरच्या खोक्यावर जो मोठा आकडा छापतात, तो वायफायच्या दोन्ही बँडच्या कागदोपत्री वेगांची बेरीज असतो आणि वायर्ड घरासाठी त्याला काहीही अर्थ नसतो. खोक्यावर १२०० आणि मागचे पोर्ट मात्र १०० मेगाबिटचे, असे कितीतरी राउटर मी भिंतीवरून उतरवले आहेत. अशा ठिकाणी वेग ९४ च्या आसपास अडतो, कारण उरलेला वाटा पॅकेटांच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या, हेडरमध्ये (पत्ता वगैरे लिहिलेल्या सुरुवातीच्या भागात) आणि त्यांच्यामधल्या अंतरात जातो. ९४ दिसले की जाणकार माणूस आधी पोर्ट बघतो आणि मग केबलमधली तारांची तुटलेली जोडी शोधतो. १०० मेगाबिटला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला मात्र चारही.

इथे आकडा होता २७०. प्रत्येक खोलीत थोड्याफार फरकाने तोच, आणि लिंक, म्हणजे पोर्टांनी आपसांत ठरवलेला वेग, मात्र सगळीकडे १००० दाखवत होती. इंटरनेट घरात आणणाऱ्या फायबरच्या डब्याला लॅपटॉप थेट लावला, तेव्हा पूर्ण वेग मिळाला. म्हणजे दोष राउटरमध्ये किंवा केबलमध्ये होता, आणि राउटर मी सुचवलेला असल्यामुळे मी केबलवर ठपका ठेवला. हे आज मला स्पष्ट दिसते. त्या सकाळी दिसले नाही.

पॉइंटवरची पहिली फेस प्लेट, म्हणजे झाकणपट्टी, उघडली आणि माझ्या संशयाला आधार मिळाला. वायरमनने जोड्यांचा पीळ जवळजवळ दोन इंच उलगडून ठेवला होता, जेव्हा साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडणे नियमात बसत नाही. डेटा केबल ही दिव्याच्या वायरसारखी जोडायची वस्तू नाही, हे बांधकामावरच्या लोकांना कोणी शिकवत नाही, आणि त्यांनीही कधी विचारलेले मी पाहिलेले नाही. माझ्या सोबतचा तरुण सहकारी म्हणाला, “दादा, आधी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वेग मोजून बघू या का?” मी त्याला काम सुरू करायला सांगितले.

दोन्ही टोके धरून चोवीस जागा आम्ही पुन्हा जोडल्या. जुने टोक कापायचे, वरचे आवरण तारांना धक्का न लावता सोलायचे, पीळ शेवटपर्यंत राखत आठही तारा रंगानुसार कीस्टोनमध्ये, म्हणजे प्लेटमागच्या सॉकेटमध्ये, बसवायच्या आणि पंचिंग टूलने दाबायच्या. काम उत्तम झाले. दुपारी तीन वाजता वेग मोजला, तर २७०.

तेव्हा कुठे मी दोन खोल्यांमध्ये दोन लॅपटॉप ठेवून त्यांच्यातला वेग मोजला. तो ९४० आला. घरातल्या घरात जाणारी पॅकेटे राउटरमधल्या स्विचच्या चिपमधूनच पलीकडे जातात, प्रोसेसरला त्यांची खबरही नसते. बाहेर जाणाऱ्या पॅकेटाचा मात्र पत्ता बदलावा लागतो आणि पीपीपीओई (लॉगिन करून चालणारी) जोडणी असेल तर त्याला आणखी ८ बाइटचे हेडर चढवावे लागते. बहुतेक घरगुती राउटर हे काम हार्डवेअरच्या खास वाटेने उरकतात. पण क्यूओएस, म्हणजे कोणत्या पॅकेटाला आधी जाऊ द्यायचे हे ठरवणारी सोय, चालू केले की त्यांतल्या पुष्कळांत ती वाट बंद होते आणि एकेक पॅकेट प्रोसेसरकडे जाते. राउटरच्या पानावर पाहिले, तर प्रोसेसरचा एक कोअर १०० टक्के भरलेला होता.

क्यूओएस बाईंनीच चालू केले होते, आणि योग्य कारणासाठी. मोठी फाइल वर चढत असताना त्यांचे व्हिडिओ कॉल तुटत होते. मी ते बंद केले, वेग ४९० च्या वर गेला. लगेच त्यांनी एक फाइल चढवायला लावली आणि १२ मिलिसेकंदांचा पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, ३०० च्या पुढे गेला. मग हा वेग त्यांच्या काय उपयोगाचा?

शेवटी वायफाय नसलेला, क्यूओएसची, म्हणजे रांगेची, शिस्त राखूनही ५०० मेगाबिट पेलणारा छोटा राउटर आणि वेगळा गिगाबिट स्विच बसवला, आणि आधीच्या राउटरला फक्त ॲक्सेस पॉइंटचे, म्हणजे वायफाय पुरवण्याचे, काम दिले. नव्या राउटरची निवड करताना मला माहितीपत्रकांचा मनस्वी राग आला. त्यांवरचा राउटिंगचा वेग सहसा सर्वांत मोठी पॅकेटे वापरून आणि कोणतेही नियम न लावता मोजलेला असतो. पीपीपीओई आणि क्यूओएस दोन्ही चालू असताना किती वेग मिळेल, हा ग्राहकाच्या खऱ्या उपयोगाचा आकडा क्वचितच कुठे छापलेला सापडतो.

जाताना बाईंनी विचारले, “दोन खोल्यांमधली ती चाचणी सकाळीच करता आली नसती का?” मी म्हणालो, “आली असती. यांनी सुचवली होती, मी ऐकले नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. मग मी त्यांना संकलनाच्या टेबलामागची प्लेट उघडून दाखवली. तिथे केबल मुळातच तोकडी सोडलेली होती, आणि माझ्या कापण्यानंतर ती कीस्टोनपर्यंत जेमतेम पोचते आहे. ते टोक पुन्हा कधी बिघडले, तर त्या पाइपातून नवी केबल ओढावी लागेल, आणि त्या पाइपाला भिंतीत दोन वळणे आहेत.