रंकाळ्याचा काठ: मार्चमधल्या चार दिवसांच्या नोंदी

शनिवार, पहाटे साडेपाच

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरणाऱ्यांची गर्दी सहानंतर वाढते. पाणी बघायचं असेल तर त्याआधी यावं. रात्री ऊन नसतं, त्यामुळे पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट श्वासासाठी घेतच राहतं. तळाचा गाळ कुजताना खातो तो वेगळा. म्हणून दिवसभरातला सगळ्यात कमी प्राणवायू उजाडायच्या तोंडावर असतो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळून राहतो. माशांना चार-पाच तरी लागतो, आणि दोनच्या खाली गेला की ते मरायला लागतात.

आज राजघाटाच्या पायऱ्यांपाशी मासे वर आले होते. एखादाच मासा उसळी मारतो आणि पाण्यावर गोल उमटतो, तेव्हा तो खातोय असं समजावं. पण पुष्कळ मासे तोंडं उघडी ठेवून पृष्ठभागाला चिकटल्यासारखे राहतात आणि माणसाची सावली पडली तरी खाली जात नाहीत, तेव्हा त्यांना श्वास पुरत नसतो. ऊन चढलं की नऊ-दहापर्यंत ते खाली जातात. आदला दिवस ढगाळ असेल तर मात्र वेळ लागतो, कारण शेवाळानं आदल्या दिवशीच प्राणवायू कमी बनवलेला असतो.

वर आलेले मासे बघून लोक चुरमुरे टाकतात, भुकेले आहेत असं वाटून. हेतू चांगला असतो, पण श्वास लागलेला मासा खात नाही. न खाल्लेले चुरमुरे भिजून तळाला जातात, कुजतात आणि कुजताना राहिलेला प्राणवायूही ओढून घेतात. चौपाटीवरच्या भेळेचे कागद आणि चमचे निदान डोळ्यांना दिसतात तरी, चुरमुरे दिसत नाहीत. पहाटे पाण्यात काहीही टाकू नये, पाव तर अजिबात नको.

रविवार, सकाळ

शहराकडच्या काठाला हिरवा तवंग, पलीकडे पाणी बरंच स्वच्छ. एकाच तळ्याचे दोन काठ असे वेगळे दिसण्याचं कारण वारा. तवंग हलका असतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तो वाहत येऊन पूर्वेच्या भिंतीला लागतो, नेमका जिथे लोक बसतात तिथे. त्यामुळे एका काठावरून फोटो काढून ‘रंकाळा हिरवा झाला’ किंवा ‘रंकाळा सुधारला’ म्हणण्यात अर्थ नाही. दोन्ही काठ बघितल्याशिवाय मत देऊ नये.

हिरवं सगळंच सारखं नसतं. त्यासाठी दोन साध्या चाचण्या आहेत.

एक काठीची. लांब काडी तवंगात फिरवून वर काढायची. काडीला ओल्या केसांसारखे धागे लोंबले तर ते धाग्यांचं शेवाळ, दिसायला घाण पण सहसा निरुपद्रवी. काडी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखून निघाली तर संशय नील-हरित जिवाणूंचा.

दुसरी बरणीची. स्वच्छ काचेची बरणी, हातात रबरी मोजे. तवंग खरवडून घ्यायचा नाही, पृष्ठभागाच्या जरा खालून पाणी घ्यायचं आणि बरणी पाऊण भरायची. झाकण लावून रात्रभर न हलवता ठेवायची, जमलं तर फ्रिजमध्ये, पण खाण्याच्या वस्तूंपासून लांब. सकाळी हिरवं तळाला बसलेलं असेल तर ते बहुतेक साधं शेवाळ. वर कडेनं हिरवं कडं धरलं असेल तर नील-हरित. या जिवाणूंच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून ते तरंगतात. चुका होतात त्या इथे: लोक बरणी काठोकाठ भरतात, किंवा सारखी उचलून बघतात, मग कडं धरतच नाही.

वर कडं धरलं म्हणजे पाणी विषारीच आहे असं नाही, ते प्रयोगशाळाच सांगू शकते. पण तोवर सावध राहिलेलं बरं. यातल्या काही जातींचं विष थेट यकृतावर जातं. कुत्र्याला फिरायला आणणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. कुत्रं पाणी पितं ते काठावरचंच, आणि तवंग सगळ्यात दाट असतो तोही तिथेच. अंग भिजलं तर नळाच्या पाण्यानं लगेच धुवावं, नाहीतर ते चाटून पोटात घेतं.

तवंगाचं मूळ नाल्यांत आहे. सांडपाण्यातून आणि धुण्याच्या पावडरीतून फॉस्फरस येतो. एक किलो फॉस्फरसवर 300 ते 500 किलो ओलं शेवाळ पोसलं जातं. म्हणून वरून तवंग काढून भागत नाही. काढा, पंधरवड्यात परत येतो.

सोमवार

आज फक्त पक्षी. वारकरी अजून आहेत, काळे अंग, कपाळावर पांढरा टिळा, पण जानेवारीइतके नाहीत. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी. टिबुकली बुडी मारून कुठे वर येईल याचा आजही अंदाज आला नाही.

मंगळवार, दुपारी अकरा ते दीड

पाणी उतरायला लागलं की तळ्यातला संध्यामठ उघडा पडत जातो. लोक तो बघायला येतात, दगडी खांब आणि काळं छप्पर पाण्याबाहेर येताना खरंच सुंदर दिसतं. पण याच दिवसांत त्याहून महत्त्वाचं काही पायाशी घडत असतं: जलपर्णी उगवत असते.

पसरलेली जलपर्णी सगळ्यांना ओळखता येते, फुगीर देठ, जांभळी फुलं. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. एका रोपाला आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला दुसरं रोप, त्याला तिसरं. पण तिचं बीही असतं, आणि ते गाळात 15-20 वर्षं जिवंत राहू शकतं. खोल पाण्याखाली ते सहसा रुजत नाही. पाणी ओसरून ओला गाळ उघडा पडला, त्याला ऊन आणि ऊब लागली की रुजतं. हे कोवळं रोप जलपर्णीसारखं दिसतच नाही. चिंचोळी, गवतासारखी पाती, बोटभर उंची, फुगीर देठ नाही. बघणाऱ्याला वाटतं काठाला हिरवळ आली. जूनमध्ये पाणी चढतं, रोपं सुटी होऊन तरंगतात, आणि पुढे सगळे विचारतात ही आली कुठून.

म्हणून जलपर्णीचं काम उन्हाळ्यात, हातानं, काठावर करायचं. चार जणांनी सकाळी दोन तास ओल्या पट्ट्यातून फिरून मुळासकट उपटली तर जे निघतं, त्यासाठी सप्टेंबरात यंत्र लावावं लागतं. गाळात एकट्यानं उतरू नये. आधी काठी रोवून बघावी, काठी गुडघाभर सहज गेली तर पाऊल टाकू नये. नाल्याच्या तोंडाशी तर गमबूट आणि मोजे घातल्याशिवाय जाऊच नये.

काढलेल्या जलपर्णीचं काय करायचं, इथे बहुतेकांची चूक होते. ढीग काठावरच लावतात. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ढीग कुजला की काळं पाणी गळतं, त्यातलं नत्र आणि फॉस्फरस परत तळ्यात जातं, म्हणजे काढायची मेहनत फुकट. ढीग काठापासून लांब, उतार तळ्याकडे नसेल अशा जागी लावावा. तीन-चार दिवस उन्हात पसरला की वजन इतकं उतरतं की ट्रॉलीच्या खेपा निम्म्याहून कमी होतात. खत करायचं तर वीतभर जलपर्णी, त्यावर चार बोटं शेण, वर मातीचा हात, असे थर लावून पंधरा-वीस दिवसांनी उलटायचं. अडीच-तीन महिन्यांत तयार होतं. सांडपाण्यात वाढलेली जलपर्णी जड धातू शोषून घेते, त्यामुळे हे खत भाजीला घालू नये. बागेतल्या झाडांना चालतं.

शेवटी पाणी किती गढूळ आहे ते मोजायची चकती. जुन्या स्टीलच्या ताटलीची केली आहे, व्यास 20 सेंटिमीटर, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा ऑइलपेंट, मधल्या भोकातून दोरी, खाली वजनाला बोल्ट. दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ. न ताणणारी दोरी घ्यावी, भिजून दोरीची लांबी बदलली की माप चुकतं. ऊन डोक्यावर असताना, सावलीच्या बाजूनं सोडायची. दिसेनाशी होते तिथे एक माप, वर ओढताना पुन्हा दिसते तिथे दुसरं, दोन्हींची सरासरी. गॉगल काढून बघायचं. एकाच जागी, एकाच वेळी, पंधरा दिवसांतून एकदा घेतलं तरी वर्षभरात पाण्याचा कल कळतो. भिंतीवरून वाकू नये, दोरी लांब ठेवावी. पायऱ्यांवरून मोजायचं तर पाण्याला लागून असलेल्या पायरीवर उभं राहू नये, तिथला शेवाळाचा थर वाळला तर काळा दिसतो आणि ओला झाला की साबणासारखा घसरतो.

आजची नोंद. कालच्यापेक्षा एक पायरी जास्त उघडी. तवंग पूर्वेला हातभर रुंद. पहाटे मासे वर, साडेनऊला खाली. चकती: जाताना 45, येताना 41, सरासरी 43 सेंटिमीटर. घाटाच्या उजवीकडे ओल्या गाळात कोवळी रोपं, सुमारे दहा पावलांचा पट्टा.