मानेतली जन्मापासूनची फट

चिकोडी-निपाणी रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून माझी गाडी धडकली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. आमच्याकडं तो असतोय कुठं? डोक्याला खोक, टाके, मान धरलेली. हातापायांत मुंग्या मात्र नव्हत्या. जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्ट आला, मानेचा पहिला मणका मोडलाय. कडक कॉलर बसला. ऑपरेशनचं बोलणं सुरू झालं तसं आईनं घरी देव पाण्यात ठेवले.

दाजींनी मला बेळगावला हलवलं. तिथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्ट बाजूला सारला आणि सीडी मागितली. नंतर आम्हाला स्क्रीन दाखवली. पहिला मणका, ॲटलस, हे एक कडंच. त्याच्या मागच्या बाजूला बरोबर मध्यावर फट.

"कडा बघा," म्हणाल्या. दोन्ही टोकं गोल, गुळगुळीत, वर हाडाचा पांढरा थर. ताज्या मोडीत कड खडबडीत असते, तो थर नसतो आणि भोवती सूज असते. शिवाय हे कडं जोराच्या दणक्यानं मोडलं की बहुधा एकापेक्षा जास्त जागी मोडतं, बाजूचे भाग बाहेर सरकतात. माझे जागच्या जागी होते. लहानपणी, साधारण ३ ते ५ वर्षांपर्यंत, हे कडं मागं जुळतं. शंभरातल्या तीन-चार जणांचं जुळतच नाही आणि त्यांना पत्ताही नसतो. तरी एमआरआय केलाच. हाडात सूज नाही, हाडं बांधून ठेवणारे लिगामेंट शाबूत. कॉलर निघाला.

सगळ्याच जन्मजात गोष्टी अशा निरुपद्रवी नसतात, हेही त्यांनी बजावलं. दुसऱ्या मणक्याचं वर आलेलं टोक कुणाकुणाचं सुटं असतं. तेही मोडल्यासारखंच दिसतं, खरं ते सैल असलं तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत मान पुढं-मागं वाकवून एक्स-रे काढतात.

राहिली पोलीस केस. पहिल्या दाखल्यावर हाड मोडल्याची नोंद, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणं गंभीर दुखापत. ट्रॉलीवाला शेजारच्याच गावचा पोरगा. चूक त्याची होती, खरं न मोडलेल्या हाडाची शिक्षा त्याला कशाला? भाच्यानं कानडीत अर्ज लिहिला, नवा रिपोर्ट जोडला. बऱ्याच खेपांनंतर डॉक्टरांचा सुधारित अभिप्राय ठाण्यात पोचला. टाक्यांपुरती साधी दुखापत तेवढी कागदावर राहिली.