तिसऱ्या पिनेचे चोवीस दिवस

बोटीवर बॅटरीचा चार्जर बसवायला दीड दिवस लागला. त्याला वीज मिळवायला चोवीस. ओळखीतले बोटवाले भेटले की चार्जर कुठला घेतलास एवढंच विचारतात, म्हणून उरलेलं सगळं इथे लिहून ठेवतोय.

आमची शिडाची बोट सव्वीस फुटी, फायबरची, दोघा मित्रांत मिळून घेतलेली. थंडीत घारापुरीपर्यंत जाऊन येतो. पाऊस तोंडावर आला की नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका यार्डात ती ठोकळ्यांवर चढते, ती नारळी पौर्णिमा झाल्यावरच उतरते. गेल्या जुलैत ताडपत्री फाटली, डोलकाठीच्या बुडाशी पाणी झिरपलं आणि तळाचा पंप आपोआप सुरू-बंद होत राहिला. (तळाला बूच नाही, हा त्या बोटीचा जन्मजात दोष.) सोलर पॅनेल होतं, पण ताडपत्रीखाली. मी पोचलो तेव्हा केबिनच्या फळ्या तरंगत होत्या आणि मीटर १०.१ व्होल्ट दाखवत होता. लेड-अॅसिड बॅटरी आरामात असताना १२.७ दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ ला निम्मी. १०.५ च्या खाली बरेच दिवस पडून राहिली तर सरळ तेरावं घालायचं. आम्ही दोन्ही बॅटऱ्यांचं घातलं.

म्हणून यंदा मे महिन्यात ठरवलं, किनाऱ्यावरच्या विजेवर चालणारा कायमचा चार्जर लावायचा. शंभर अँपिअर-अवरच्या दोन नव्या बॅटऱ्या, जोडीने दोनशे. लेड-अॅसिडला क्षमतेच्या दहा ते वीस टक्के करंट मानवतो, म्हणून तीस अँपिअरचा, तीन टप्प्यांत चार्ज करणारा. गॅरेजमधला स्वस्त चार्जर लावून ठेवला की तो थांबतच नाही, बॅटरीचं पाणी उकळून टाकतो. घरचाच इन्व्हर्टर लाव म्हणणारे दोघे भेटले, त्यांना चहा पाजला. एक रविवार बोटीवर मापं घेतली, सोमवारी सुट्टी टाकून लोहार चाळीतून केबल, वायरीच्या टोकांचे लग, फ्यूज आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घेऊन आलो. इथवर सगळं छान.

मग यार्डाचं ऑफिस.

वीज हवी तर अर्ज करायचा. अर्जातला पहिला रकाना, गाळा क्रमांक. दुसरा, चटईक्षेत्र. मी म्हटलं, "साहेब, माझी बोट आहे, ठोकळ्यांवर उभी आहे." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "मग ज्या गाळ्यासमोर आहे त्याचा नंबर टाका." तो गाळा वेल्डरचा. त्याचा नंबर टाकला म्हणून त्याचं ना-हरकत पत्र हवं. वेल्डरला वाटलं मी त्याच्या मीटरवरून वीज ओढणार, त्यामुळे तो दोन दिवस मला बघितलं की मशीन चालू करायचा. शेवटी त्याच्या पोराला बोट आतून दाखवली, तेव्हा सही मिळाली.

पुढचा रकाना जोडभार, म्हणजे किती वीज ओढणार. इथे मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. चार्जरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ३० अँपिअर छापलेलं होतं, मी प्रामाणिकपणे तेच लिहिलं. साहेब उडाले. "तीस? आपल्या खांबावर सोळाचे सॉकेट आहेत. अख्खा यार्ड अंधारात घालाल." मी समजावलं की तीस हा बॅटरीच्या बाजूचा आकडा, बारा व्होल्टवरचा. ते म्हणाले, "अँपिअर म्हणजे अँपिअर." तीन फेऱ्या या एका वाक्यावर गेल्या. रोज ऑफिस सुटल्यावर सीवूड्सहून पाम बीच रोडने यायचं, पाणथळीत मे महिन्यातही रेंगाळलेले फ्लेमिंगो बघायचे, आणि साडेसहाला यार्डाचं ऑफिस बंद झालेलं बघून परत.

चौथ्या वेळी कागदावर हिशेब मांडून नेला. १४.४ गुणिले ३० म्हणजे ४३२ वॉट. चार्जरमध्ये थोडी वाया जाते, तेव्हा भिंतीतून फार तर ५०० वॉट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे सव्वादोन अँपिअर. साहेबांनी वाचलं, बाजूला ठेवलं. मग मी खाली पेनाने लिहिलं, "घरातल्या हजार वॉटच्या इस्त्रीच्या निम्मा भार." ते मात्र पटलं. "हे आधी सांगायचं ना!" अर्ज कमिटीपुढे गेला, कमिटी महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी बसते. त्यात आठ दिवस.

तुम्हीही अर्जात इनपुटचाच आकडा लिहा. तो चार्जरच्या मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतो.

मंजुरी आली, खांबावर सॉकेट मिळालं, आणि मी अधीरपणाने जे करायचं नव्हतं तेच केलं. मीटर न लावता पिन घुसवली. चार्जर तेव्हा केबिनच्या फळीवर नुसताच ठेवलेला. हिरवा दिवा लागला. खोका सरळ करताना मनगटाची मागची बाजू पत्र्याला लागली आणि मुंग्या आल्या. झटका नाही, झोपलेला हात जागा होताना होतं तसं काहीसं. पुन्हा बोट लावून बघण्याचा मोह झाला, कबूल करतो. बोटीचं अंग कोरडं होतं म्हणून हसण्यावारी गेलं. जुलैत ओल्या शिडीवर उभं राहून स्टीलच्या रेलिंगला हात लावला असता तर काय झालं असतं, याचा विचार त्या रात्री झोपेत आला.

मीटर मग लावला. फेज ते न्यूट्रल २३१ व्होल्ट, बरोबर. फेज ते अर्थ तेवढंच यायला हवं, ते ९६. न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट असावं, ते १३०. म्हणजे तिसरी पिन कुठेच जोडलेली नव्हती. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून जी थोडीशी गळती होते ती अर्थमधून निघून जायची असते. अर्थच नसेल तर ती खोक्याच्या पत्र्यावर येऊन बसते.

ऑफिसात सांगितलं. "तिसरी पिन आहे ना सॉकेटला?" आहे. "मग?" पंधरा वर्षं याच खांबावर ग्राइंडर चालतायत, कुणाची तक्रार नाही, तुमची बोटच ओली असेल. नवीन अर्ज करा म्हणाले, विषय 'दुरुस्ती', पुन्हा कमिटी. मी तिथेच आवाज चढवला, त्याचा काही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो जवळच्या दिवाळे गावातल्या एका वायरमन दादांचा. वेल्डरनेच त्यांचा नंबर दिला. दादांनी मीटर पाहिलाही नाही. पिशवीतून होल्डरला दोन वायरी लावलेला शंभर वॉटचा पिवळा बल्ब काढला. फेज-न्यूट्रलवर लख्ख पेटला. फेज-अर्थवर टोक लावलं, आणि बल्बने तारसुद्धा लाल केली नाही. "शोभेला हाय ही पिन, दादूस." हा बल्बचा प्रयोग तुम्ही करू नका, ज्याचं काम त्याला करू द्या.

मग आम्ही अर्थिंगचा खड्डा शोधला. ऑफिसच्या मागे थर्मोकोलच्या ढिगाखाली सिमेंटचं झाकण निघालं. खाली कोळसा-मीठ नीट भरलेलं होतं, खाडीची खारट ओली माती, अर्थिंगला याहून चांगली जमीन मागूनही मिळायची नाही. पण खांबाकडून येणारी लोखंडी पट्टी क्लँपपाशी त्याच खारट हवेने खाऊन टाकली होती. दादांनी दोन बोटांत धरली तर तिचा बिस्किटासारखा चुरा झाला. मी तो चुरा कागदात गुंडाळला आणि साहेबांच्या टेबलावर, अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग साहेबांनी स्वतः कमिटीच्या अध्यक्षांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी नवी पट्टी बसली, खर्च यार्डाने केला. न्यूट्रल ते अर्थ आता दीड व्होल्ट. चोविसावा दिवस.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तरी आठवेल तसं. चार्जर बॅटरीच्या बरोबर वर लावू नका, चार्ज होताना वायू आणि आम्लाची वाफ वर येते. आम्ही बाजूच्या भिंतीवर लावला, मागे हवा खेळायला जागा ठेवून. बॅटरीपर्यंत १६ चौरस मिमीची कल्हई केलेली तांब्याची केबल, जेमतेम दोन मीटर. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ, चार्जरजवळ नव्हे, कारण शॉर्ट झालं तर आग लावायची ताकद बॅटरीत आहे. वीज बोटीत शिरते तिथेच दोन पोलचा ब्रेकर आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. बोटीवर न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे नाहीत, ते काम किनाऱ्याचं.

केबलचं रीळ पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेलं तापतं. प्लगच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जातं. जोडताना आधी बोटीकडचं टोक, मग खांबाकडचं, काढताना उलट. माझा मित्र अजून हे उलटंच करतो.

आणि एक राहिलंच. बोट पाण्यात असताना किनाऱ्याच्या विजेला जोडणार असाल तर अर्थच्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा, म्हणजे बोटी-बोटींत अर्थमधून फिरणारा बारीक करंट अडवणारं उपकरण. नाहीतर अर्थमधून तुमच्या बोटीचा पाण्यातला पंखा आणि शेजारच्या बोटींचे पंखे एकमेकांना जोडले जातात आणि गंजापासून वाचवायला लावलेलं तुमचं जस्त सगळ्यांसाठी झिजायला लागतं. आमचा ऑक्टोबरच्या आत बसवायचाय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, उधाणाच्या दिवसांत, सलग चार दिवस कोसळला. पाचव्या दिवशी गेलो. फळ्या कोरड्या, पंप मध्येच घुरघुरून गप्प होत होता, बॅटरीवर १३.५ व्होल्ट. बॅटरीचं पाणी तेवढं थोडं घातलं.

परत निघताना ऑफिसात डोकावलो. एक मासेमारी होडीवाले काका काउंटरवर उभे होते, त्यांनाही चार्जर लावायचा होता. साहेबांनी खणातून एक झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे सरकवली. "हे बघा, अस्संच लिहून आणा." माझाच अर्ज होता, आमच्या बोटीच्या नावासकट, खाली पेनाने लिहिलेल्या इस्त्रीसकट. काकांनी तो लांब धरून वाचला आणि विचारलं, "पण माझ्याकडं इस्त्री नाय, चालंल का?"